आमच्या जावयांनी करून दिलं

माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा मला हेवा वाटतो. आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे तो लपणार नाही. भावोजी वाईट असते तर सगळं सोपं झालं असतं. पण ते चांगले आहेत. हसतमुख आहेत, कुणाच्याही आजारपणात सगळ्यात आधी पोचतात, आईच्या गुडघ्यांची गोळी कुठली हे त्यांना पाठ असतं. अशा माणसाचा हेवा करणं फार त्रासाचं. त्याच्याविरुद्ध तोंड उघडलं की आपणच वाईट ठरतो. म्हणून मी बोलत नाही, नुसती जळते.

ताई आणि भावोजी ठाण्यात पाचपाखाडीला राहतात, आईबाबांच्या नौपाड्यातल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मी लग्न होऊन डोंबिवलीला आले, पूर्वेला, मानपाड्याच्या बाजूला. नोकरी मात्र ठाण्यातच आहे. रोज सकाळी कंपनीच्या बसने शिळफाट्याची धूळ खात जाते आणि तशीच परत येते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस मीही ठाण्यातच असते. तरी आमच्या घरच्या भाषेत मी 'लांब पडते' आणि भावोजी 'जवळ आहेत'.

माझं काम काय, हे बाबांना कधी कळलं नाही. मी दोनतीनदा सांगून पाहिलं. एका खऱ्या कंप्युटरच्या आत दुसरा खोटा कंप्युटर चालवायचा, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. तो चालवणारा जो प्रोग्रॅम, तो एम्युलेटर. आतल्या खोट्या कंप्युटरला वाटत असतं की आपल्याकडे स्वतःचा प्रोसेसर आहे, आणि तो तसा आहे असं सोंग एम्युलेटर वठवत असतो. प्रत्येक प्रोसेसरला काही गोष्टी येतात, काही येत नाहीत. तर एम्युलेटरला कुठल्या प्रोसेसरचं सोंग पूर्ण जमतं, कुठल्याचं अर्धवट जमतं, काय मुळीच जमत नाही, हे एकेक करून तपासायचं, हे माझं काम. मी दिवसभर यंत्राला एवढंच विचारत असते, की बाबा रे, तुला काय काय येतं? आमच्या घरात हा प्रश्न मला कुणी विचारल्याचं आठवत नाही.

बाबांनी ते ऐकून घेतलं होतं आणि मग दुकानात आलेल्या कुणाला तरी सांगितलं होतं, "धाकटी कंप्युटरमध्ये आहे." भावोजींबद्दल सांगताना मात्र ते "आमचे जावई मोठ्या कंपनीत आहेत," असं सांगत. भावोजी त्या मोठ्या कंपनीत ऑफिसची खरेदी बघतात. खुर्च्या, एसी, कंप्युटर, चहाची मशिनं. कंप्युटर विकत घेणारा माणूस हा कंप्युटर जाणणारा माणूस असतो, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं, आणि ते मत बदलायला त्यांना कधी कारण मिळालं नाही.

बाबांचं दुकान नौपाड्यातच, घराच्या खालच्या गाळ्यात. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, वास्तुशांतीची कार्डं. छपाई बाहेरून करून घेतात, पण अक्षरजुळणी स्वतः करतात, अजूनही, सत्तरी उलटल्यावरही. त्यासाठी त्यांच्याकडे एक फार जुना मराठी प्रोग्रॅम आहे. तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडली. त्यातली फाइल दुसरीकडे कुठे उघडली तर अक्षरांच्या जागी इंग्रजी चिन्हांची खिचडी दिसते. बाबांची बोटं त्याच कीबोर्डवर बसलेली. नवीन पद्धतीने टाइप करून पाहा म्हटलं तर म्हणतात, मी आता डाव्या हाताने जेवायला शिकू का?

तर गेल्या अधिक महिन्याच्या आधी तो प्रोग्रॅम ज्यावर चालायचा तो कंप्युटर गेला. आधी घरघरला, मग धुराचा वास आला, मग शांत झाला. अधिकात लग्नं नसतात, त्यामुळे महिना संपल्यासंपल्या सगळ्यांना घाई असते आणि पत्रिका आधीच करून ठेवाव्या लागतात. नेमकी तीच वेळ.

हे मला चार दिवसांनी कळलं. तेही ताईकडून, तेही बोलता बोलता. बाबांनी त्याच दुपारी भावोजींना फोन केला होता. भावोजी ऑफिसातून निघून दुकानात गेले होते, जुन्या कंप्युटरमधली डिस्क काढून घेतली होती आणि त्यांच्या ओळखीच्या एका कंप्युटर दुरुस्तीवाल्याकडे दिली होती. ताई कौतुकाने सांगत होती. म्हणाली, "तो माणूस म्हणतो, व्हर्च्युअल मशीन का काय ते करावं लागेल. तुला माहिती असेल ना ते?"

मला माहिती असेल ना ते. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी इतक्या जोरात लावली, की माझा नवरा येऊन दारात उभा राहिला. त्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. तो शहाणा आहे, परत बाहेर गेला.

त्या रात्री मी वाट पाहिली. मला वाटलं, बाबा फोन करतील. म्हणतील, अगं, हे असं असं झालंय, बघशील का? दुसऱ्या दिवशीही वाट पाहिली. मी स्वतः फोन करू शकले असते, पण करणार नव्हते. माझं अख्खं आयुष्य ज्या एका गोष्टीत गेलं, तीच नेमकी घरात हवी होती, आणि मी दार ठोठावून सांगू, की मला येतं, मला घ्या? ते माझ्याच्याने होणार नव्हतं. मला त्यांनी विचारायला हवं होतं. एवढंच मला हवं होतं, पण ते मला फार हवं होतं.

मग कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो आला. भावोजींचा लॅपटॉप, त्यावर बाबांचा जुना प्रोग्रॅम उघडलेला, आणि शेजारी बाबा, डोळे भरून आलेले. खाली भावोजींनी लिहिलं होतं, "बाबांचं दुकान पुन्हा सुरू!" मग टाळ्या, हात जोडलेले, फुलं, आत्याचे आशीर्वाद, पुण्याच्या काकांचे शाबासकीचे अंगठे. माझ्या नवऱ्यानेही अंगठा टाकला. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो म्हणाला, "अगं, सगळ्यांनी टाकलाय." मी टाकला नाही. ते कुणाच्या लक्षात आलं नसेल, तरी मला बरं वाटलं.

फोटो मी मोठा करून पाहिला. हे सवयीनेच. कोपऱ्यात खोट्या मशीनच्या सेटिंगची खिडकी उघडी राहिली होती आणि त्यात प्रोसेसरच्या जागी काय निवडलंय ते दिसत होतं. त्या दुरुस्तीवाल्याने सगळ्यात सोपा पर्याय घेतला होता, की या लॅपटॉपच्या प्रोसेसरला जे जे येतं, ते सगळं आतल्या मशीनला जसंच्या तसं दाखव. आमच्याकडे नवीन लागलेले लोक पहिल्या आठवड्यात हेच करतात. त्याने काम पटकन होतं आणि तेवढ्यापुरतं झकास चालतं. पण ते मशीन मग त्याच एका कंप्युटरचं होऊन बसतं. दुसऱ्या कंप्युटरवर, दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरवर नेलं, की गोंधळ.

आणि ते दुसरीकडे न्यायचंच होतं. भावोजी आपला ऑफिसचा लॅपटॉप थोडाच दुकानात ठेवणार? त्यांनी बाबांना ऑफिसातला एक जुना, पण चांगला कंप्युटर मिळवून दिला होता. त्याचा प्रोसेसर वेगळ्या कंपनीचा. मला हे समजलं तेव्हा मी हसले. अगदी मनापासून हसले. चांगल्या माणसाची फजिती होणार हे आधी कळणं, यासारखं सुख नाही, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

झालंही तसंच. दुरुस्तीवाल्याने बाबांच्या सोयीसाठी एक जादा हुशारी केली होती. आतलं मशीन त्याने प्रोग्रॅम उघडलेल्या अवस्थेतच झोपवून ठेवलं होतं, म्हणजे बाबांनी नुसतं उठवायचं आणि कामाला लागायचं. दुकानातल्या कंप्युटरवर ते उठेना. झोपताना जो प्रोसेसर दिसत होता, तो उठताना नाही, मग कसं उठणार. नव्याने चालू केलं तर जुनं विंडोज अर्ध्यावर येऊन काळ्या पडद्यावर थिजायचं. भावोजींनी ग्रुपवर त्या काळ्या पडद्याचाही फोटो टाकला आणि लिहिलं, "छोटीशी अडचण आहे, आपला माणूस बघतोय."

आपला माणूस आठवडाभर बघत होता. त्याने आतल्या मशीनची तीच फाइल तीनदा नव्याने नेऊन ठेवली. तोवर दुकानात मानपाड्याचे एक गिऱ्हाईक येऊन गेले. आगरी कुटुंब, पूर्वी भातशेती होती, आता त्याच जमिनीवर टॉवर उभे आहेत. बाबांकडे त्यांचं येणं फार जुनं. त्यांच्याकडे हळदीची पत्रिका ही लग्नाच्या पत्रिकेपेक्षाही नाजूक गोष्ट. वर कुलदैवत, मग गेलेली माणसं, मग आजी-आजोबा, मग काका कुठल्या क्रमाने, मामा कुठे, आत्यांचे यजमान कुठे, सरपंच राहिलेले चुलते कुठल्या ओळीत. मोठ्या मुलीच्या हळदीला हा क्रम ठरवताना त्यांच्या घरात भांडणं झाली होती आणि शेवटी जो ठरला, तो बाबांच्या फाइलमध्ये होता. आता धाकटीचं लग्न. छापील पत्रिका त्यांच्याकडे उरली नव्हती.

बाबांनी हे मला सांगितलं नाही, आईने सांगितलं. गिऱ्हाईक बाबांना म्हणाले होते, "नाव मागंपुढं झालं ना, तर हलदीला कोन यायचा नाय." त्यांनी रविवारपर्यंत मुदत दिली होती. त्यानंतर ते कल्याणच्या एका नव्या दुकानात जाणार होते आणि क्रमाचं भांडण पुन्हा पहिल्यापासून भांडणार होते. आई म्हणाली, बाबा जेवत नाहीत नीट. म्हणतात, जुनी गिऱ्हाइकं गेली की गाळा भाड्याने देऊन टाकू. कशाला ते रोज खाली उतरायचं.

मी म्हटलं, बाबांनी सांगितलं का मला फोन करायला? आई म्हणाली, नाही गं, मीच केला. अधिकाचं जेवण ठेवलंय रविवारी, दोन्ही जावयांना. वेळेवर या.

अधिक महिना आला की आमच्याकडे जावयाला जेवायला बोलावून वाण देतात. जाळीदार अनारसे, त्यावर दिवा, ताटाला ताट लागलेलं, जावयाला विष्णूसारखं पाटावर बसवून ओवाळायचं. मुली वाढतात. मी दर खेपेला वाढते. माझा नवरा शाळेत भूगोल शिकवतो, त्याला या सगळ्याचा संकोच वाटतो आणि पुरणाचे धोंडे मात्र मनापासून आवडतात. भावोजी बाबांच्या उजव्या हाताला बसतात. तसा नियम काही नाही, पण ते तिथे बसतात.

त्या रविवारी मी वाढत होते आणि बाबा बोलत होते. जावईबापूंनी किती धावपळ केली. ऑफिस सोडून आले. स्वतःचा लॅपटॉप दिला. माणूस लावून दिला. आजकाल सख्खा मुलगा करत नाही एवढं. भावोजी म्हणत होते, छे छे बाबा, अजून कुठे झालंय. बाबा म्हणाले, होईल हो, तुम्ही मनावर घेतलंय म्हणजे होणारच. मी तुपाची वाटी घेऊन त्यांच्यामागे उभी होते. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. वाटत होतं, ही वाटी इथेच ठेवावी, पर्स घ्यावी आणि खाली उतरून रिक्षा करावी.

तेवढ्यात भावोजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "अगं, पण हे तुझंच काम ना? तू नाही का बघणार?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाबाही. मी कितीतरी दिवस ज्या प्रश्नाची वाट पाहत होते, तो आला. आणि तोही त्यांच्याच तोंडून आला. मला विचारण्याचा मोठेपणासुद्धा भावोजींनीच मिळवला. ते अगदी सहज म्हणाले होते, त्यात काही खोच नव्हती. म्हणून तर जास्त झोंबलं. त्यांना माझं काम काय हे माहीत होतं, आणि ज्यांना माहीत असायला हवं होतं ते पानावरच्या धोंड्याचा तुकडा मोडत खाली बघत होते.

बाबा म्हणाले, "कशाला तिला त्रास? एवढ्या लांबून आलीये. संध्याकाळी तो माणूस येणारच आहे."

मी म्हटलं, "किल्ली द्या."

दुकानात मी एकटीच उतरले. शटर अर्धं वर केलं, पंखा लावला. दुपार अशी तापली होती की गाळ्यात कागदाचाही गरम वास येत होता. थोड्या वेळाने बाबा आले आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले.  

मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली. आधी काहीच चालू करायचं नाही, आधी विचारायचं. या कंप्युटरच्या प्रोसेसरला काय येतं? एम्युलेटरने लांबलचक उत्तर दिलं. मग, तू स्वतः कुठल्या कुठल्या प्रोसेसरचं सोंग घेऊ शकतोस? त्याचंही उत्तर आलं. त्यात बाबांच्या मेलेल्या कंप्युटरच्या पिढीचा एक साधा प्रोसेसर होता. आणि मग तिसरा प्रश्न, जो तो दुरुस्तीवाला विचारत नव्हता, आणि ज्याच्यासाठी मला पगार मिळतो. या सोंगातली एकेक गोष्ट तुला खरंच निभावता येईल का?

कारण एम्युलेटरला एक वाईट खोड असते. त्याच्याकडे मागितलेली एखादी गोष्ट जमत नसेल, तर तो बारीक अक्षरात एक ओळ पुटपुटतो आणि ती गोष्ट गाळून गुपचूप पुढे जातो. मशीन चालू झालेलं दिसतं. लोक खूश होतात, फोटो काढतात. आणि मग आतल्या प्रोग्रॅमला नेमकी तीच गोष्ट लागते तेव्हा सगळं कोसळतं. म्हणून मी नेहमी सक्त ताकीद देते, की एकही गोष्ट जमत नसेल तर चालूच होऊ नकोस, स्पष्ट नाही म्हण.

त्याने नाही म्हटलं. आतल्या मशीनचं काम थेट खऱ्या प्रोसेसरकडून करून घ्यायचं तर अडत होतं, जुन्या विंडोजला या नव्या जातीचं वागणं पचत नव्हतं. मग मी खरा प्रोसेसर बाजूलाच ठेवला आणि एम्युलेटरला सांगितलं, सगळी नक्कल तूच कर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. यात वेग फार कमी होतो. पण नक्कल करताना त्याला काय येतं याची यादी वेगळी असते, म्हणून पुन्हा विचारायला सुरुवात. दोन गोष्टी त्याला जमत नव्हत्या. त्या मी काढल्या. पण त्या प्रोग्रॅमला अक्षरं रंगवायला एक जुनी सोय लागते, ती काढून चालणार नव्हती, आणि ती त्याला येत होती. मी पुन्हा ताकीद दिली आणि चालू केलं. या वेळी त्याने काही पुटपुटलं नाही.

पडदा निळा झाला. जुनी खिडकी सावकाश, खालून वर, एकेक पट्टी करत उघडली. मी म्हटलं, बाबा, हळू चालेल हे. बाबा स्टुलावरून उठले होते. म्हणाले, "अगं, तो असाच उघडायचा."

मग फाइल उघडली. वर कुलदैवत, खाली गेलेली माणसं, मग आजी-आजोबा, काका, मामा, सरपंच चुलते, आणि सगळ्यात शेवटी त्यांच्या घरातल्या छोट्यांच्या नावांनी ते नेहमीचं, आमच्या ताईच्या हळदीला यायचं हं. एकही अक्षर फुटलेलं नव्हतं. बाबांनी मला खुर्चीवरून उठवलं नाही. माझ्या खांद्यावरून हात पुढे घालून त्यांनी कीबोर्डवर चार अक्षरं मारून पाहिली आणि पुसली. बोटं बरोबर जागी पडली.

मी वाट पाहत होते. हे मी नाकारणार नाही. मी पडद्याकडे बघत होते आणि कान मागे होते.

बाबांनी खिशातून फोन काढला आणि गिऱ्हाइकाला लावला. "हां, नमस्कार, नमस्कार. झालं बरं का तुमचं. हो हो, जशीच्या तशी आहे फाइल. काळजी करू नका." मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण बाबा हसले आणि म्हणाले, "आमच्या जावयांनी करून दिलं."

मी खुर्ची मागे सारली. इतक्या जोरात, की ती पत्रिकांच्या गठ्ठ्यावर आपटली. बाबांनी फोन ठेवला.

"मी इथे बसलेय बाबा," मी म्हटलं. "हे माझे हात आहेत. जावई वर पान खातायत."

बाबा गडबडले. म्हणाले, अगं, तसं नाही, बोलण्याच्या ओघात. मी म्हटलं, ओघात नाही. कंप्युटर गेला तेव्हा तुम्ही त्यांना फोन केलात. मला चार दिवसांनी कळलं, तेही ताईकडून. माझं कामच हे आहे, मी तुम्हाला कितीदा सांगितलं. ते ऑफिससाठी खुर्च्या घेतात, बाबा. खुर्च्या. आणि आत्ताही मी समोर बसलेली असताना तुम्ही त्यांचं नाव सांगता. मला त्यांचा हेवा वाटतो. मला या वयात असा हेवा वाटतो याची मला लाज वाटते, पण वाटतो. तुम्हाला मी दिसत नाही का?

एवढं मी त्यांना कधी बोलले नव्हते. बाबा स्टुलावर खाली बसले. पंख्याने टेबलावरचे कागद फडफडत होते, त्यांनी त्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे न बघता ते बोलले.

"तुला माहितीये ना, मुलीकडून काही घेऊ नये म्हणतात. माझ्या वडिलांनी आत्याच्या घरी कधी पाणीसुद्धा घेतलं नाही. मी एवढं मानत नाही. पण मुलीकडून काम करून घ्यायचं म्हणजे मला जड जातं. जावयाकडून घेतलं तर बरं पडतं. अधिकात बोलावतो, वाण देतो, ताट देतो, पाया पडतो, मोकळा होतो. आज झालो की नाही मोकळा? तुला काय देऊन मोकळा होऊ?"

मी हे असं असेल असं कधीच धरलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांना मी कमी वाटते. आणि इथे हे भलतंच निघालं. मला रडू आलं, पण राग गेला नाही. उलट भावोजींचा हेवा आणखी वाढला. त्यांच्यासाठी सगळं किती सुटसुटीत होतं. काम करा, जेवा, ओवाळून घ्या, ताट घेऊन घरी जा. त्यांच्याशी बाबांना मोकळं होता येतं, म्हणून त्यांना मोकळेपणाने हाक मारता येते. आणि माझ्याशी होता येत नाही, म्हणून मला हाकच मारायची नाही.

"मोकळं व्हायचंच कशाला, बाबा?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  वरून ताईचा आवाज आला, सरबत केलंय, येताय का.  मग बाबांनी फोन पुन्हा हातात घेतला, चष्मा वर केला आणि मघाचाच नंबर लावला.

"मीच बोलतोय," ते म्हणाले. "मघाशी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ते जावयांनी नाही केलं. माझ्या मुलीने केलंय. धाकटीने. ती त्याच कामात आहे, कुठल्या मशीनला काय जमेल ते तपासायच्या. हो. ती इथेच बसलीये."

पलीकडचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू आलं. "कोनी का करंना हो शेठ," गिऱ्हाईक म्हणाले, "नावां बरोबर हायेत ना?"

बाबांनी फोन कानापासून थोडा दूर धरला आणि माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची पुढे ओढली, नाक पुसलं आणि कुलदैवतापासून खाली एकेक नाव वाचत गेले. मला घाई नव्हती. बाबा फोन धरून थांबले होते. शेवटच्या ओळीपर्यंत पोचल्यावर मी मान हलवली, आणि मग बाबा फोनमध्ये म्हणाले, "आहेत."